जुलाबाचं औषध: लावणारं की थांबवणारं?

केतकी_अनुवाद
एका दवाखान्यासाठी रुग्णांना द्यायची माहितीपत्रकं मराठीत करते आहे. मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीच्या आदल्या दिवशीच्या सूचनांवर गाडी अडली आहे. २ लिटर पाण्यात पावडर कालवायची, थोडं थोडं करत सगळं प्यायचं आणि पोट पूर्ण रिकामं करायचं, एवढीच गोष्ट. ‘लॅक्सेटिव्ह’ला मी सरळ ‘रेचक’ लिहिलं आणि छापायच्या आधी आत्याला वाचायला दिलं. ती रोज सकाळी योगवर्गाला जाते. म्हणाली, “सायंकाळी सहा वाजता रेचक घ्यावे? अगं, श्वास घेतात तो पूरक. रेचक म्हणजे श्वास सोडतात.”

मग ‘जुलाबाचे औषध’ केलं. ते शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला दाखवलं, तर तो म्हणतो, “पण पेशंटला जुलाब होतच नसतील तर?” दोघांचंही चूक म्हणता येत नाही. ‘पोट साफ होण्याचे औषध’ लिहावं, तर लोक घरातलं नेहमीचं चूर्ण घेऊन मोकळे होतील. सुचवा काहीतरी.

घाटमाथा
शेजारच्या मुलाला सांगा, जुलाब ‘घेतात’. आमच्या लहानपणी सुट्टी लागली की आजी एक दिवस ठरवायची. पहाटे सुंठीच्या गरम काढ्यात एरंडेल, वाटीच्या कडेला तेलाचा चकचकीत तवंग, एका हाताने आपलं नाक दाबायचं आणि दुसरा हात आजीने धरलेला. दिवसभर नुसता मऊ भात. कुणी खेळायला बोलवायला आलं की आजी ओट्यावरूनच सांगे, “आज पोरांना जुलाब दिलाय.” दिलाय! म्हणजे जुलाब हेच औषध. ‘जुलाबाचं औषध’ ही द्विरुक्ती झाली, ‘लिंबाचं लिंबू’ म्हटल्यासारखी.

मुळाक्षर
घाटमाथा काका, तुमच्या आजीच्या वाक्यात व्याकरणाची चावी आहे. औषध असतो तेव्हा जुलाब एकवचनी: जुलाब दिला, घेतला, लागू पडला. आजार असतात तेव्हा अनेकवचनी: जुलाब झाले, लागले, थांबले. आजाराला ‘मला एक जुलाब झाला’ असं डॉक्टरांनी मोजून विचारल्याशिवाय कुणी म्हणत नाही. तेव्हा ‘जुलाबाचं औषध’ म्हणजे पोट साफ करणारं आणि ‘जुलाबांचं औषध’ म्हणजे थांबवणारं. प्रश्न सुटला.

खडूस_बाई
एका टिंबावर पेशंटचं पोट टांगून ठेवलंत की हो! छापखान्यात टिंब उडालं म्हणजे?

मुळाक्षर
टिंब उडवणाऱ्या छापखान्याचा दोष भाषेला का? असो. शब्द मुळात फारसी आहे. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे गुलाबपाणी. अरबांकडे ‘ग’ नाही, म्हणून त्यांनी त्याचं जुलाब केलं. आधी गुलाबपाणी, मग औषध ज्यात देतात तो गोड पाक, आणि होता होता पोट साफ करणारं औषध. तोच शब्द पश्चिमेला गेला आणि इंग्रजीत ‘जूलेप’ झाला. आज अमेरिकेत त्या नावाने पुदिना घातलेली दारू पितात. गुलाब आणि जुलाब सख्खे भाऊ आहेत.

दोन_चमचे
लग्नाच्या पंगतीत गुलाबजामनंतर जे होतं, त्याला शास्त्रीय आधार मिळाला.

रानजाई
मला हे गुलाबपाणी पटत नाही. इंग्रजी औषधांत ‘जॅलप’ नावाचं एक कडक रेचक होतं, मेक्सिकोतल्या एका वेलीच्या मुळांचं. त्या वेलीचं शास्त्रीय नावच ‘इपोमिया पर्गा’. हालापा या गावावरून तिला जॅलप म्हणतात (हालापेन्यो मिरचीही त्याच गावची). गोऱ्या पलटणीच्या डॉक्टरांनी ते इथे आणलं असणार आणि शिपायांच्या तोंडी त्याचा जुलाब झाला असणार. नुसत्या गुलाबपाण्याने कुणाचं पोट सुटल्याचं ऐकलंय का?

मुळाक्षर
‘असणार’ दोनदा आलं. जुलाब उर्दूत आहे, हिंदीत आहे, फारसीत जुल्लाब आहे. ते काय सगळे मेक्सिकोला जाऊन आले?

रानजाई
आणि गुलकंद सारक असतो, हा नुसता योगायोग?

मुळाक्षर
ताई, हा मुद्दा माझ्या बाजूचा आहे.

औषधवाला_कोपऱ्यावरचा
व्युत्पत्ती चालू द्या, पण काउंटरच्या अलीकडून सांगतो. ही गंमत एकट्या जुलाबाची नाही, सगळा घोळ ‘चा-ची-चे’चा आहे. तापाची गोळी ताप घालवते, झोपेची गोळी झोप आणते. खोकल्याचं औषध खोकला थांबवतं, भुकेचं औषध भूक लावतं. उंदराचं औषध उंदीर मारतं आणि केसांचं औषध केस वाढवतं (निदान बाटलीवर तरी). गिऱ्हाईक न बोलता गृहीत धरतं की नको असलेली गोष्ट जाईल आणि हवी असलेली येईल. जुलाब काहींना हवे असतात, काहींना नको. तिथे प्रत्यय उघडा पडतो.

सगळ्यात अवघड म्हणजे ‘पाळीची गोळी’. गौरी-गणपतीच्या आधी आठ-दहा दिवस हे वाक्य रोज ऐकतो. बायका हळू आवाजात मागतात, नवरे चिठ्ठीवर लिहून आणतात. पुढे ढकलायची की आणायची? त्यात पुढे ढकलायची म्हणून जी गोळी देतात, ती बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. म्हणजे ‘पाळीची गोळी’ हे नाव दोन्ही अर्थांनी खरं. मी डॉक्टरांची चिठ्ठी पाहिल्याशिवाय हात लावत नाही.

खडूस_बाई
तुम्ही विचारता तरी. आमच्या गावातल्या दुकानात आईने ‘जुलाबाची गोळी’ मागितली. वय ७८, चार दिवस पोट साफ नाही, तिच्या डोक्यात घाटमाथा काकांच्या आजीचा जुलाब. काउंटरवरच्या पोराने हगवण थांबवायची गोळी दिली. तिने दोन दिवस इमानाने घेतली. पुढचं लिहीत नाही. शेवटी एनिमा द्यावा लागला. पोराला काय बोलणार? त्याच्या मराठीत त्याचं बरोबरच होतं.

वैद्य_पांथस्थ
केतकीताई, ‘रेचक’ नको याची कारणं योगवर्गाच्या पलीकडची आहेत. आयुर्वेदातल्या शार्ङ्गधर संहितेत पोट साफ करणाऱ्या द्रव्यांच्या चार पायऱ्या आहेत: अनुलोमन, स्रंसन, भेदन, रेचन. अनुलोमनाला हरडा, स्रंसनाला बहाव्याचा मगज, भेदनाला कुटकी, रेचनाला निशोत्तर. म्हणजे रेचन ही शेवटची, जोरदार पायरी. मनुका खाऊन जे होतं त्याला रेचन म्हणत नाहीत, ते सारक. आणि रुग्णाचा कोठा कसा आहे ते न बघता काहीच देत नाहीत. मृदू कोठ्याच्या माणसाचं दुधाने भागतं, क्रूर कोठ्याला एरंडेलही पुरत नाही.

दोन_चमचे
आमचे हे क्रूर कोठ्याचे आहेत. स्वभावाशी संबंध आहे का?

मुळाक्षर
‘सारक’ उत्तम शब्द! ‘सृ’ म्हणजे सरणे, वाहणे. सारकही त्यातलाच आणि अतिसारही त्यातलाच. सरलं तर सारक, अति सरलं तर अतिसार. पत्रकात ‘सारक’ लिहा. ‘लॅक्सेटिव्ह’ला इतका नेमका शब्द असताना औषध-औषध काय करताय?

खानदेशी_पाहुणा
सारक कोणाला समजणार? पपई सारक असते, हे साप्ताहिकाच्या आरोग्य पुरवणीत वाचलेल्यांना. आमच्या वडिलांना विचाराल तर ते शब्द उलटा करून बघतील. साधं ‘हगवण’ म्हणा ना. ‘ही पावडर घेतल्यावर हगवण लागेल.’ कुणाला कळणार नाही?

खडूस_बाई
दवाखान्याच्या पत्रकात हगवण? मी वर लिहिला तो शब्द रागात लिहिला.

खानदेशी_पाहुणा
का बरं? सरकारने गावोगावच्या भिंतींवर ‘हागणदारीमुक्त गाव’ रंगवलं, सरपंचांनी त्या पाटीशेजारी हार घालून फोटो काढले, तेव्हा कुणाला घाण वाटली नाही. कोंबड्यांना, वासरांना हगवण चालते, माणसाला लगेच ‘अतिसार’ लागतो. संस्कृतात गेलं की वास येत नाही, एवढंच.

मुळाक्षर
हा प्रमाणभाषेवरचा नेहमीचा हल्ला आहे. परिभाषा घडवायला भाषा संचालनालयासारखी संस्था १९६० पासून आहे, ती उगाच नाही. रुग्णाला आज कळत नाही म्हणून शब्द टाकून दिला, तर तो कधीच कळणार नाही. ‘रक्तदाब’ तरी कुठे आधी कळत होता?

औषधवाला_कोपऱ्यावरचा
आताही कुठे? “मला बीपी आहे” असंच म्हणतात. परवा एकांना म्हटलं, बीपी सगळ्यांनाच असतं, नसलं तर इथे आणत नाहीत. रागावले.

घाटमाथा
ते ‘शुगर निघाली’ तसंच. विहिरीला पाणी निघावं तशी निघते.

वैद्य_पांथस्थ
पण मुळाक्षर, परिभाषेनेही घोटाळे होतात. ‘अ‍ॅक्यूट’ला सर्रास ‘तीव्र’ लिहितात. मूळ अर्थ ‘अचानक सुरू झालेला, थोड्या मुदतीचा’ असा. साधं सर्दीपडसंसुद्धा त्या अर्थाने अ‍ॅक्यूट. अहवालावर ‘तीव्र’ वाचलं की नातेवाईक मुंबईच्या मुलाला फोन लावतात. त्यापेक्षा लोकांची जोडी बरी होती: नवा आजार, जुनाट आजार.

रानजाई
‘जुनाट’मधला ‘जुन’ आणि जून महिना…

मुळाक्षर
नको.

केतकी_अनुवाद
मंडळी, उद्या सकाळी मजकूर द्यायचा आहे. औषधाचं नावच घेत नाही. असं केलंय: “पाकिटातली सगळी पावडर २ लिटर पाण्यात कालवून प्या. त्यानंतर तुम्हाला बऱ्याच वेळा शौचाला जावे लागेल. पाण्यासारखे होईल. हे अपेक्षित आहे. ते थांबवण्यासाठी कोणतीही गोळी घेऊ नका.” आत्या आणि शेजारचा मुलगा, दोघांनाही कळलं.

खडूस_बाई
शेवटचं वाक्य ठळक छापा. आईच्या वतीने सांगते.

खानदेशी_पाहुणा
झकास. फक्त ‘शौचाला’च्या जागी ‘संडासला’ करा.

मुळाक्षर
‘संडासला’? ‘संडासाला’ तरी म्हणा. सामान्यरूप नावाची काही गोष्ट असते.

घाटमाथा
आमच्याकडे ‘परसाकडे’ म्हणत. परस गेलं, शब्दही गेला.

खानदेशी_पाहुणा
मुळाक्षर साहेब, घाईत सामान्यरूप करायला कोणाला वेळ असतो?

रानजाई
संडास शब्द कुठून आला, कुणाला माहीत आहे का? माझा एक अंदाज आहे.