ओहायोतल्या विक्रेत्याकडून जुनी इशापूर रायफल घ्यायची आहे, फसगत कशी टाळू?

एडिसनकर:
मंडळी, सल्ला हवाय. मी न्यू जर्सीत राहतो, ग्रीन कार्डवर आहे, राज्याचं बंदूक खरेदीचं ओळखपत्रही काढलंय. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. बेळगावच्या केंद्रातल्या फोटोत त्यांच्या खांद्याला ली-एनफिल्ड ही जुनी ब्रिटिश बनावटीची रायफल आहे. तशीच, बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली एक आपल्या घरी असावी असं फार वाटतं. ऑनलाइन जाहिरातीत ओहायोतला एक खासगी विक्रेता सापडला. इतरत्र पाहिल्या त्याच्या जवळपास निम्मी किंमत सांगतोय. म्हणतो, झेलने (बँकेतून लगेच पैसे पाठवायची सोय) पैसे टाका, रायफल थेट घरी पाठवतो, दुकानदाराची फी वाचेल. बोलायला सभ्य वाटला. पैसे देण्याआधी काय काय तपासू?

रानवाट:
थेट घरी पाठवतो म्हणाला ना, मग तपासायला फार काही उरलंच नाही. १९६८च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टप्रमाणे एका राज्यातला खासगी माणूस दुसऱ्या राज्यातल्या खासगी माणसाला बंदूक परस्पर देऊ शकत नाही. ती तुमच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदाराकडे, म्हणजे एफएफएलकडे, यायला हवी. तिथे तुम्ही खरेदीदाराचा केंद्रीय फॉर्म ४४७३ भरणार, पार्श्वभूमी तपासणी होणार, मगच रायफल हातात. तेव्हा हा माणूस एक तर भामटा आहे, नाही तर तुम्हाला केंद्रीय गुन्ह्यात ओढतोय. ग्रीन कार्डवर असताना दुसरी शक्यता पहिलीपेक्षा महागात पडेल.

आणखी एक खूण. खरा विक्रेता पहिल्या दोन-तीन निरोपांतच विचारतो, "तुमचा दुकानदार कोण? त्याच्या परवान्याची प्रत पाठवायला सांगा." याने विचारलं का?

एडिसनकर:
नाही विचारलं. उलट दुकानदाराचं नाव काढलं की टाळतो.

टेनेसीवासी:
मी जुन्या रायफली दुसऱ्या राज्यांतून बऱ्याचदा मागवतो, म्हणून पैशांबद्दल लिहितो. दुकानदारामार्फत व्यवहार केला की पैसे सुरक्षित, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. तुमचा दुकानदार फक्त आलेली बंदूक उतरवून घेतो आणि कागदपत्रं करतो. तुम्ही आधीच पैसे पाठवलेत आणि बंदूक आलीच नाही, तर तो काहीही करू शकत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. विक्रेत्याने रायफल आधी त्याच्या गावातल्या परवानाधारक दुकानात जमा करायची. तसंही यूपीएस आणि फेडेक्स या कुरियर कंपन्या खासगी माणसाकडून बंदूक घेत नाहीत, त्यामुळे बहुतेकांना दुकानात जावंच लागतं. मग तुम्ही त्या दुकानाला फोन करायचा, अमुक क्रमांकाची रायफल समोर आहे का विचारायचं, आणि हो म्हणाले की पैसे. फोन नंबर विक्रेत्याने दिलेला वापरू नका, स्वतः शोधा. परवाना खरा आहे का ते एटीएफच्या (बंदुकांचे परवाने देणारी केंद्रीय संस्था) संकेतस्थळावर 'एफएफएल ईझी चेक' मध्ये दिसतं. परवाना क्रमांकाचे पहिले ३ आणि शेवटचे ५ आकडे टाकले की दुकानाचं नाव, पत्ता आणि मुदत कळते. पण तेवढ्यावर थांबू नका. खऱ्या दुकानाच्या परवान्याची प्रत मिळवून तिच्या आडून फसवणारेही आहेत. म्हणून फोनचा आग्रह.

झेल किंवा गिफ्ट कार्डाने पैसे देऊ नका, गेले की परत येत नाहीत. दुकान क्रेडिट कार्ड घेत असेल तर उत्तम. नाही तर पोस्टाची मनीऑर्डर. एक मनीऑर्डर जास्तीत जास्त १,००० डॉलरची निघते, पावती राहते, आणि टपालातून फसवणूक झाली तर पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिस, म्हणजे टपाल खात्याची तपास शाखा, लक्ष घालते.

जुनाबाज:
इशापूरचं नाव वाचून राहवलं नाही. फोटो मागताना नेमके मागा, चोरलेल्या फोटोंवर धंदा करणाऱ्याला तिथेच अडचण येते. एका कागदावर तुमचं नाव आणि आजची तारीख लिहून तो रायफलीच्या क्रमांकाशेजारी ठेवून फोटो. बोल्टच्या (काडतूस आत सारणारी खिट्टी) दांड्यावरचा क्रमांक आणि रायफलीवरचा क्रमांक जुळतो का, तो फोटो. दस्त्याच्या पुढे उजव्या बाजूच्या धातूच्या पट्टीवर मुकुट, जीआरआय, इशापूर आणि सन कोरलेलं असतं, त्याचाही जवळून फोटो. ज्याच्याकडे रायफल खरोखर आहे त्याला हे सगळं काढायला पाच-दहा मिनिटं पुरतात.

फसवणूक नसली तरी चुकीची वस्तू गळ्यात पडू शकते. इशापूरच्या २ए आणि २ए१ दिसायला तशाच, पण त्या १९६२च्या चीन युद्धानंतरच्या, ७.६२ मिलिमीटर नाटो काडतुसाच्या. आजोबांच्या फोटोतली स्वातंत्र्याच्या आसपासची असेल तर ती जुन्या .३०३ काडतुसाची असणार. काही जुन्या रायफली .४१० मस्केट, म्हणजे गुळगुळीत नळीच्या बंदुका, करून पोलिसांना दिल्या होत्या, काहींवर डीपी कोरलेलं असतं. डीपी म्हणजे फक्त कवायतीची. ती झाडायची नाही, जिवाशी खेळ आहे.

५० वर्षांपेक्षा जुन्या बंदुकींसाठी संग्राहकांचा वेगळा परवाना मिळतो, ३ वर्षांचे ३० डॉलर. तुमच्याकडे तो नाही, आणि न्यू जर्सीचे नियम केंद्रापेक्षा कडक. ही पहिलीच खरेदी आहे, दुकानदारामार्फतच करा.

सांजवेळ:
विषय निघालाच आहे तर विचारते. नवऱ्याचा एच-१बी, म्हणजे नोकरीचा तात्पुरता व्हिसा, आहे, त्यालाही नेमबाजीची आवड. ग्रीन कार्डवाल्या मित्राच्या नावावर घेतली तर चालेल का?

रानवाट:
ताई, अजिबात नको. एच-१बीवर बंदूक बाळगायलाच मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं असे मोजके अपवाद आहेत, ते वकिलाला विचारून घ्या. दुसऱ्यासाठी घेऊन फॉर्म ४४७३वर "मीच खरा खरेदीदार" लिहिणं हा वेगळा गुन्हा. २०२२च्या कायद्यानंतर अशा खरेदीला १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मित्रही अडकेल, नवऱ्याचा व्हिसाही जाईल.

एडिसनकर:
काल त्याला तारखेच्या कागदासह फोटो मागितला आणि दुकानात जमा करायला सांगितलं. उत्तर आलं: दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आज रात्री पैसे टाकलेत तर आणखी ५० डॉलर कमी करतो. फोटो नाहीच. व्यवहार थांबवला. पैसे गेले नाहीत, तरी तक्रार करावी का?

टेनेसीवासी:
करा. जाहिरात जिथे होती तिथे कळवा, आणि एफबीआयच्या आयसी३ या तक्रार केंद्राकडे त्याचे निरोप आणि झेलचा तपशील जोडून द्या. पैसे गेलेले असते तर आधी बँकेला फोन, त्याच दिवशी.

एडिसनकर:
आजच करतो. एडिसनच्या आसपास असे व्यवहार करून देणारं दुकान कसं निवडू?

जुनाबाज:
दोन-तीन दुकानांत स्वतः जाऊन या. बाहेरच्या राज्यातली रायफल उतरवून घ्यायची फी किती, खासगी माणसाकडून आलेली घेता की फक्त दुकानाकडून आलेली, आणि रायफल वर्णनाप्रमाणे नसेल तर फॉर्म भरण्याआधी परत पाठवता का, एवढं विचारा. तिसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर देणारा दुकानदार धरा. आणि त्याला सांगून ठेवा की इशापूरची .३०३ हवी आहे. जुने संग्राहक आपल्या रायफली विकायला अशाच दुकानांत ठेवतात. तिथे ती हातात घेऊन, नळीत डोकावून बघता येईल.