मदत हवी आहे: वार (प्लासेंटा) गर्भपिशवीत रुतली आहे, सोनोग्राफीवरून ऑपरेशन किती अवघड जाईल हे कळतं का?

माझ्या धाकट्या बहिणीला एकतिसावा आठवडा चालू आहे. आधीची दोन्ही बाळंतपणं सिझरने झाली. या वेळी वार गर्भपिशवीचं तोंड झाकून बसली आहे आणि जुन्या टाक्यांच्या जागी रुतली असावी, असं सोनोग्राफीत आलं. यालाच प्लासेंटा अक्रिटा म्हणतात. डॉक्टर म्हणाले, ३४ ते ३६ आठवड्यांत सिझर करू, वार ओढायची नाही, तिच्यासकट गर्भपिशवी काढावी लागेल. रक्ताच्या पिशव्या तयार ठेवणार आहेत. किती रक्त जाईल, लघवीच्या पिशवीला धक्का लागेल का, हे विचारल्यावर उत्तर आलं, "पोट उघडल्यावरच कळेल."

रिपोर्टमध्ये असं आहे: वारेत मोठ्या, वेड्यावाकड्या पोकळ्या, वार आणि गर्भपिशवीचा स्नायू यांच्यामधली काळी रेघ नाही, गर्भपिशवीचा समोरचा स्नायू १ मिलिमीटरहून पातळ, डॉपलरवर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) लघवीच्या पिशवीच्या बाजूला रक्तवाहिन्यांचं जाळं. लघवीच्या पिशवीची कड मात्र अखंड.

या शेवटच्या ओळीवर आम्ही सगळा धीर धरून आहोत, आणि मला तिचीच शंका येते. ती कड नीट दिसायला लघवीची पिशवी थोडी भरलेली असावी लागते ना? बहीण तपासणीच्या आधी नुकतीच लघवीला जाऊन आली होती. काळ्या रेघेचंही तसंच. प्रोब (सोनोग्राफीत अंगावर टेकवतात ते यंत्र) जोरात दाबला तर ती पुसली जाते, आणि काही निरोगी गरोदरपणातही ती दिसत नाही, असं वाचलं. मग यातलं नक्की कशावर विसंबायचं?

वार किती खोल गेली, याइतकंच ती कुठे गेली हेही महत्त्वाचं असतं, असं मला समजलं आहे. खाली ग्रीवेकडे (गर्भपिशवीच्या तोंडाकडे) किंवा बाजूला मूत्रवाहिन्यांजवळ (मूत्रपिंडातून लघवी आणणाऱ्या नळ्या) पसरली असेल तर रक्तस्राव आवरणं फार कठीण जातं म्हणतात. आमच्या रिपोर्टमध्ये या दोन्ही जागांबद्दल एक शब्द नाही.

तर लघवीची पिशवी भरून, योनीमार्गातून पुन्हा सोनोग्राफी करून मागावी का? वार खाली असतानाही ही तपासणी सुरक्षित असते, असं डॉक्टरांनी सांगितलं, पण रक्तस्रावाच्या भीतीने बहीण तयार होत नाही. एमआरआयने बाजूचा भाग जास्त स्पष्ट कळेल का? की आधी अशा केसेस नेहमी पाहणाऱ्या सोनोलॉजिस्टकडे जावं?

या क्षेत्रातल्या कोणी किंवा यातून गेलेल्या कोणी कृपया लिहा. तुमच्या सोनोग्राफीत जे दिसलं होतं आणि टेबलावर जे निघालं, ते जुळलं का? गुरुवारी पुन्हा दाखवायचं आहे, मूत्ररोगतज्ज्ञ त्या दिवशी हजर असतील का हे विचारणार आहे. आणखी काय विचारू?