मदत हवी आहे: आठवी ते दहावीच्या मुलींसाठी हालचालींची मराठी प्रश्नावली

परभणीजवळच्या आमच्या शाळेतल्या मुली आठवड्यात किती हालचाल करतात, ते मोजायचंय. देशात पुरेशी हालचाल न करणारे प्रौढ 2000 मध्ये सुमारे 22 टक्के होते, 2022 मध्ये जवळपास 50. बायकांत तर 57. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हा पत्रकं पाहिली. साखर, रक्तदाब आहे, व्यायाम नाही. जागतिक आरोग्य संघटनेची हालचाल मोजणारी जीपीएक्यू प्रश्नावली मोठ्यांसाठीची. नुसतं ‘काय खेळता?’ विचारलं तर मुली ‘काहीच नाही’ म्हणतात, आणि सकाळी हंडे भरून, सुट्टीत दिवसभर कापूस वेचून आलेल्या असतात. ते कष्ट मोजलेच पाहिजेत. फोन सगळ्यांकडे नाहीत, त्यामुळे कागदावरच भरून घेणार. शेतीकाम, घरकाम आणि खेळ वेगवेगळे विचारणारी, या वयाची मराठी प्रश्नावली कुणी वापरली आहे का?