विषय: बालवर्ग – हिवाळ्यात काय करायचं?

नमस्कार मंडळी,

सुट्टीनंतर शनिवारचा बालवर्ग पुन्हा सुरू होतोय. मुलं तीन ते पाच वर्षांची, हाताशी पाऊण तास. दर हिवाळ्यात आपण कागदावर कापूस चिकटवून बर्फाचा माणूस करतो आणि घरी पोचेपर्यंत त्यातला निम्मा कापूस गाडीत सांडतो. यंदा काही वेगळं सुचवा. हॉलमध्ये सिंक आहे, मागे अंगण आहे. विनंती एकच: जे करू त्यात मुलांची तोंडं मराठीत चालू राहायला हवीत.

– बालवर्ग समन्वयक

*

ताई,

नेटवर शोधलं की तेच ते येतं: पेंग्विन, कागदी हिमकण, पांढरा रंग. कापायचं मोठ्यांनी, चिकटवायचं मुलांनी. बाहेर ढिगाने बर्फ पडलेला असताना आत कापूस कशाला? टबभर बर्फच आत आणू या की!

– चार वर्षांच्या मुलीचा बाबा

*

नमस्कार,

टबाची कल्पना मला एकदम पटली. बालवाडीत बरीच वर्षं शिकवलंय, त्यामुळे मेल लांबणार, सांभाळून घ्या.

टबात ताजा, भुसभुशीत बर्फ घ्या. वाट्या, चमचे, गाळणी द्या आणि पहिली दहा मिनिटं काहीही शिकवू नका. मग एका उभट पारदर्शक भांड्यात तोच बर्फ न दाबता काठोकाठ भरा आणि विचारा, "हा वितळल्यावर पाणी कुठपर्यंत येईल?" प्रत्येकाने आपापल्या अंदाजाला भांड्यावर रंगीत चिकटपट्टी लावायची. ताज्या हलक्या बर्फात मुख्यतः हवाच असते. दहा सेंटिमीटर बर्फाचं पाणी साधारण एक सेंटिमीटर भरतं. बर्फ ओला, जड असेल तर थोडं जास्त. मुलांच्या पट्ट्या बहुधा खूप वर असतात, आणि खरं सांगायचं तर पालकांच्याही. तळाशी थोडा कचरा, काळपट गाळ दिसला, तर "बर्फ खाऊ नका" हे वेगळं सांगावं लागत नाही.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग मात्र हातमोज्याचा. मुलांना विचारा, "हातमोजा गरम असतो का?" सगळी "हो" म्हणतील. मग सारख्या आकाराचे दोन बर्फाचे खडे वेगवेगळ्या छोट्या पिशव्यांत बंद करा. एक पिशवी जाड लोकरीच्या हातमोज्यात घाला, दुसरी बशीत उघड्यावर ठेवा. आधी कोणता वितळेल? बहुतेक मुलं हातमोज्यातला म्हणतात. होतं उलट! लोकर स्वतः उष्णता तयार करत नाही, तिच्यात अडकलेली हवा उष्णतेची ये-जा मंदावते. बाहेर गेलं की हाताची ऊब आत राहते, आणि इथे खोलीची ऊब बर्फापर्यंत लवकर पोचत नाही. चार वर्षांच्या मुलाला हे कारण पाठ करायला लावू नका. त्याला आश्चर्य वाटलं, त्याने पिशवी पुन्हा पुन्हा काढून पाहिली, तेवढं पुष्कळ. "मग आमचा हात कसा गरम होतो?" असं एखादं मूल विचारतंच, तोवर थांबा. थंडीत पाखरं पिसं फुगवून बसतात ती याच हवेसाठी. खिडकीतून एखादं दिसलं तर तेही दाखवा.

आता मराठीचं. चिकटवताना मूल "गोंद दे" एवढंच बोलतं. अंदाज सांगायचा असला की "मला वाटतं हा आधी वितळेल, कारण..." असं बोलावं लागतं. ते "कारण" काढून घ्यायचं, मग पुढे काही का येईना. मोठ्यांनी मधेच बरोबर उत्तर सांगितलं की गप्पा तिथेच संपतात.

– एक निवृत्त शिक्षिका

*

काकू, हातमोज्याचा प्रयोग आजच घरी केला, लेक अजून चिडलेली आहे. :) खेळणी गोठवलेला बर्फाचा गोळा आणि त्यावर मीठ, असंही पाहिलंय. ते तीन वर्षांच्यांना चालेल? माझा धाकटा दिसेल ते तोंडात घालतो.

– दोन मुलांची आई

*

चालेल, पण काही पथ्यं पाळून. बर्फाचे छोटे खडे आणि छोटी खेळणी नकोत, घशात अडकू शकतात. मोठ्या वाडग्यात पाणी गोठवा आणि आतली प्लास्टिकची जनावरं तोंडात मावणार नाहीत एवढी घ्या. गोठवायला फुगा वापरू नका, रबराचे तुकडेही घशात जातात. काचेचं भांडंही नको. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि भांडं तडकतं. मिठाने बर्फ लवकर वितळतो कारण खारं पाणी शून्याच्या खालीच गोठतं. पण हिवाळ्यात मुलांचे हात फुटलेले असतात आणि मीठ झोंबतं. मीठ मोठ्यांनी टाकावं, मुलांना ड्रॉपर आणि कोमट पाणी द्यावं. ड्रॉपर दाबणं ही पुढे पेन्सिल धरणाऱ्या बोटांची उत्तम कसरत.

कागदी हिमकण करायचेच असतील तर एक सुधारणा. नेहमीसारखा अर्ध्यात, पुन्हा अर्ध्यात दुमडून कागद कापला की चार किंवा आठ हात येतात. खऱ्या हिमकणाला सहा. हे सहाचं कोडं खगोलशास्त्रज्ञ योहान्स केप्लरने 1611 मध्येच मांडलं होतं. छोट्यांच्या हाती कात्री देण्यापेक्षा तीन काड्या एकमेकींवर आडव्या ठेवायला सांगा. टोकं मोजली की सहा भरतात.

– एक निवृत्त शिक्षिका

*

आणि खरे हिमकण? काळं कापड अगोदर अंगणात ठेवून थंड केलं तर त्यावर पडलेला कण लगेच वितळत नाही. भिंगातून दिसतो, फक्त त्यावर श्वास सोडायचा नाही. हे मुलांना जमणं कठीण! अमेरिकेतल्या व्हर्माँटचा शेतकरी विल्सन बेंटली याने 1885 मध्ये हिमकणाचा सूक्ष्मदर्शकातून आपला पहिला फोटो काढला आणि पुढे पाच हजारांहून जास्त काढले. माझ्या मुलीला हा माणूस फार आवडतो.

– चार वर्षांच्या मुलीचा बाबा

*

सगळ्यांचे आभार. पहिल्या शनिवारी टब आणि हातमोजा, दुसऱ्या शनिवारी गोठलेली जनावरं. हिमकण ज्या दिवशी पडतील त्या दिवशी, वेळापत्रकात नको.

जोडीतला एक हरवल्यामुळे पडून असलेले लोकरीचे हातमोजे कृपया आणा, प्रत्येक तीन-चार मुलांमागे एक लागेल. मुलांसाठी एक जादा पायमोज्यांची जोडी आणि टॉवेल पिशवीत टाका, टबाभोवती पाणी सांडणारच. पुसायला दोन स्वयंसेवक हवेत. भिंग कोणाकडे आहे? दांड्याचं असेल तर उत्तम.

– बालवर्ग समन्वयक