‘फिक्स्ड’ फॉन्ट उघडत नाही म्हणून डेस्कटॉपच येत नाही (सेंटओएस ५)

खिळेजुळारी (प्रश्न)

अप्पा बळवंत चौकाजवळ आमचा छोटा छापखाना आहे. गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं हाच सध्याचा धंदा. पावत्यांवर क्रमांक टाकणारा प्रोग्रॅम सेंटओएस ५ या लिनक्सच्या एका जुन्या मशीनवर आहे. तो लिहून देणारा मुलगा आता परदेशात असतो, त्यामुळे मशीन बदलायचा विषय काढू नये ही विनंती.

कालपासून डेस्कटॉप येत नाही. स्क्रीन दोन-चारदा काळी होते, मग काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘रीस्पॉनिंग टू फास्ट, डिसेबल्ड फॉर ५ मिनिट्स’. लॉगच्या शेवटी हे:

कुड नॉट इनिट फॉन्ट पाथ एलिमेंट युनिक्स/:७१००, रिमूव्हिंग फ्रॉम लिस्ट!
फेटल सर्व्हर एरर: कुड नॉट ओपन डिफॉल्ट फॉन्ट ‘फिक्स्ड’

शेजारच्या हार्डवेअरवाल्या पोराने नेटवर वाचून फॉन्टच्या सगळ्या फोल्डरांत ‘एमकेफॉन्टडिर’ मारलं, ‘एफसी-कॅशे’ही चालवलं. फरक शून्य. हा ‘फिक्स्ड’ आम्ही जन्मात कुठल्या पत्रिकेत वापरलेला नाही, मग त्याच्यावाचून अडलंय कुठे? मंडळाची माणसं संध्याकाळी येणार आहेत.

जुनंतेसोनंनव्हे

सेंटओएस ५ चा सपोर्ट ३१ मार्च २०१७ ला संपला. फॉरमॅट मारा.

पेठेतला_पेंग्विन

वरच्यांनी प्रश्न वाचलेला दिसत नाही. असो.

खिळेजुळारी, ‘फिक्स्ड’ पत्रिकेसाठी नसतोच. एक्स सर्व्हर, म्हणजे स्क्रीनवर डेस्कटॉप दाखवणारा प्रोग्रॅम, चालू होताना हा एक फॉन्ट मागतोच, नाही मिळाला तर सरळ बंद पडतो. नव्या आवृत्त्यांत तो सर्व्हरच्या पोटातच असतो, म्हणून आजकाल हा एरर कोणाला दिसत नाही. तुमच्या आवृत्तीत तो बाहेरून येतो, तोही थेट डिस्कवरून नाही. ‘एक्सएफएस’ नावाचा फॉन्ट सर्व्हर वेगळा चालतो आणि ७१०० म्हणजे त्याचंच दार. तुमची पहिली ओळ सांगते की ते दार बंद आहे. दुसरी ओळ नुसता परिणाम.

रूटने (सगळे हक्क असलेल्या युजरने) लॉगिन करून आधी ‘इनिट ३’ द्या, म्हणजे स्क्रीनची उघडझाप थांबेल. मग ‘सर्व्हिस एक्सएफएस स्टेटस’ आणि ‘डीएफ -एच’ काय म्हणतात ते टाका. ‘मिस्क’ या फॉन्टच्या फोल्डरमधल्या ‘फॉन्ट्स.डिर’ या यादीचा आकारही बघा.

खिळेजुळारी

स्टेटस: ‘एक्सएफएस डेड बट सबसिस लॉक्ड’.
डीएफ: मूळ पार्टिशन १००%, शिल्लक ०.
फॉन्ट्स.डिर: ० बाइट.

पेठेतला_पेंग्विन

मग फॉन्टचा यात काही दोष नाही, डिस्क तुंबली आहे. एक्सएफएस स्वतःच्या वेगळ्या युजरखाली चालतो, त्याला लिहायला जागा नाही म्हणून तो उभा राहत नाही. एरवी ईएक्सटी३ ही डिस्कवरची फाइलव्यवस्था रूटसाठी ५% जागा राखून ठेवते, पण तीही कोणीतरी खाल्लीय. म्हणजे खाणारा रूटच्या हक्काने चालणारा हवा. छापखाना आहे म्हणून विचारतो, ‘/व्हार/स्पूल/कप्स’, म्हणजे कप्स हा छपाई सांभाळणारा प्रोग्रॅम कामं साठवतो ते फोल्डर, किती मोठं आहे?

त्या पोराने भरलेल्या डिस्कवर एमकेफॉन्टडिर मारलं, ते फॉन्टांची यादी नव्याने लिहितं. जुनी यादी गेली आणि नवी लिहायला जागा नव्हती, म्हणून शून्य बाइट.

खिळेजुळारी

बरोबर ओळखलंत. डिस्कचा मोठा भाग तिथेच अडकलाय. फ्लेक्स आणि रंगीत अहवालांच्या फाइली.

पेठेतला_पेंग्विन

‘कप्सडी.कॉन्फ’मध्ये ‘प्रिझर्व्हजॉबफाइल्स’ कोणीतरी ‘येस’ केलंय, जुनं काम पुन्हा छापायला बरं पडतं म्हणून. ‘मॅक्सजॉब्स’ मूळचा ५०० असतो, म्हणजे पाचशे कामांपर्यंतच्या फाइली साठतात. पावतीपुस्तकाला ते चालतं, फ्लेक्सला नाही.

क्रम चुकवू नका. कप्स थांबवा. स्पूलमधल्या ‘डी’ने सुरू होणाऱ्या फाइलींपैकी लागणाऱ्या पेनड्राइव्हवर घ्या, बाकीच्या उडवा. ती सेटिंग ‘नो’ करा. जागा झाल्याची खात्री करून मगच ‘मिस्क’मध्ये पुन्हा एमकेफॉन्टडिर. फॉन्ट्स.डिरच्या पहिल्या ओळीत फक्त एक आकडा असतो, फोल्डरमधल्या फॉन्टांचा. तो दिसला की काम झालं.

शेजारच्या ‘फॉन्ट्स.एलियास’ला हात लावू नका. ‘फिक्स्ड’ हे टोपणनाव ‘६×१३’ या खऱ्या फॉन्टशी तिथेच जोडलेलं असतं. ती फाइल गेली तर फॉन्ट जागेवर असूनही सापडणार नाही.

शेवटी ‘सर्व्हिस एक्सएफएस रीस्टार्ट’, मग ‘स्टार्टएक्स’. आला डेस्कटॉप तर ‘इनिट ५’, म्हणजे मशीन नेहमीसारखं सुरू. एक्सएफएस तरीही रुसला तर ‘एक्सऑर्ग.कॉन्फ’ या एक्सच्या सेटिंग-फाइलीच्या ‘फाइल्स’ विभागात फॉन्टपाथ म्हणून ‘मिस्क’ फोल्डरचा पत्ता थेट लिहा, म्हणजे दाराशी ताटकळायला नको.

रात्रपाळी

एक जोड. एफसी-कॅशे चालवून काही होणार नव्हतं, कारण ती फॉन्टकॉन्फिगची वाट आहे. मेनू, ब्राउझर, ऑफिस त्या वाटेने फॉन्ट घेतात. ‘फिक्स्ड’ एक्सच्या जुन्या वाटेने येतो. तुमच्याकडे डीटीपीचे जुने मराठी फॉन्ट असणारच. ‘एफसी-लिस्ट :लँग=एमआर’ दिलंत आणि त्यात ते दिसले नाहीत तर घाबरू नका. ते युनिकोड नाहीत, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी वळणं बसवलेली असतात. फॉन्टकॉन्फिगच्या लेखी ते मराठी नव्हेतच.

खिळेजुळारी

स्टार्टएक्सने डेस्कटॉप आला, इनिट ५ नेही आला. प्रोग्रॅम उघडला, क्रमांक जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू आहेत. एक्सऑर्ग.कॉन्फला हात लावावा लागला नाही.

एकच राहिलं. मंडळवाले दरवर्षी ‘मागच्या वर्षीचाच अहवाल, फक्त नावं बदला’ म्हणत येतात, म्हणून त्या स्पूलमधल्या फाइली कामाच्या होत्या. प्रिझर्व्हजॉबफाइल्स चालू ठेवून मॅक्सजॉब्स वीसवर आणला तर चालेल का?

पेठेतला_पेंग्विन

चालेल, पण वीस फ्लेक्स लागोपाठ आले तर पुन्हा तेच. ‘/व्हार/स्पूल’ वेगळ्या डिस्कवर टाका. भरली तर छपाई थांबेल, मशीन नाही.