भाऊ भारतीय, सख्खी बहीण परदेशी: हा कायदा पटतो का?

नवेगावकर: गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. समजा, तिथल्या एका घरात थोरला १९८५ चा, धाकटी १९८८ ची. आईबाप तेच, गाव तेच, पण जन्माने भारतीय फक्त थोरला. कारण १ जुलै १९८७ पासून नुसतं इथे जन्मून भागत नाही, आईबापांपैकी एक भारतीय लागतो. ३ डिसेंबर २००४ पासून तर दुसरा बेकायदा स्थलांतरितही नसावा लागतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातला मूळ नियमच बरा होता. इथे जन्मला तो इथला.

कलमबहाद्दर: नियम का बदलला ते सोयीस्कर गाळलंत. घुसखोरीवरून आसाम पेटलं होतं, १९८५ चा आसाम करार झाला होता. ब्रिटननेही १९८३ पासून नुसत्या जन्मावर नागरिकत्व देणं थांबवलं. आयर्लंडने २००४ ला सार्वमत घेतलं, ७९ टक्के लोक 'नियम बदला' म्हणाले.

नवेगावकर: आसामसाठी कायद्यात वेगळं कलम ६अ आहेच की! त्याची झळ गोंदियाला का? आणि १९८७ च्या आधी जन्मलेल्या तिबेट्यांनाही हक्क सहज मिळालेला नाही. नामग्याल डोलकरला पासपोर्टसाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, निकाल २०१० चा.

कलमबहाद्दर: ६अ बाहेरून आलेल्यांसाठी आहे हो. इथे जन्मलेल्यांचा त्याच्याशी काय संबंध?

जर्सीकर: आम्ही दोघं अमेरिकेत एच-१बी वर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर. अशा व्हिसावरच्या आईबापांच्या मुलांना जन्माने नागरिकत्व नाही, असा ट्रम्पचा आदेश २० जानेवारी २०२५ ला आला तेव्हा बायकोला सातवा महिना होता. आमच्या ग्रुपवर एकेकाला जन्माने नागरिकत्व देणारी १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती आणि तेच उचलून धरणारा १८९८ चा वाँग किम आर्क निकाल तोंडपाठ! भारताचा विषय निघाला की हीच मंडळी म्हणतात, आईबापाचे कागद दाखवा.

कलमबहाद्दर: तिथे ते राज्यघटनेतच लिहिलंय, राष्ट्राध्यक्षाच्या सहीने कसं पुसणार? आपल्या घटनेने अनुच्छेद ११ मध्ये हा विषय संसदेवर सोपवलाय.

उसाचा_फड: तिबेट, अमेरिका राहू द्या. जन्म दाखल्यावर आईबापाची नावं असतात, त्यांचं नागरिकत्व नसतं. आज बाळंत होणारी बाई २००० सालची धरा. बाळाचं सिद्ध करायला आधी तिचं आणि नवऱ्याचं बघायचं, तिचं सिद्ध करायला तिच्या आईचं नाहीतर बापाचं. ऊसतोडीला गेलेल्या आईला ती कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत झाली असेल, तर नोंद कुठल्या ग्रामपंचायतीत शोधायची? घुसखोर पकडायला लावलेल्या जाळ्यात आधी आमच्या बीडची माणसं अडकतील.

कलमबहाद्दर: मग नोंदणी सुधारा. त्यासाठी कायदा १९५५ ला कशाला न्यायचा?

उसाचा_फड: सुधारा ना, कोण नको म्हणतंय? पण जिची नोंद पंचवीस वर्षांपूर्वीच राहिली, तिचं काय?