साइन थीटातला साइन आला कुठून?

दहावीचा_बाप: पोरगा विचारतोय की साइन म्हणजे सही किंवा चिन्ह का, तर तो नाही एवढं मला माहितीय, पण मग कुठला? ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय की मूळ शब्द संस्कृत आहे. खरंय की नेहमीसारखीच फेकाफेकी?

खडू_फळा: या वेळी फॉरवर्ड बरोबर आहे राव. वर्तुळाचा तुकडा म्हणजे धनुष्य, आणि त्याची दोरी ती ज्या किंवा जीवा. मराठी माध्यमाच्या भूमितीत अजूनही वर्तुळाची जीवाच म्हणतात की. आर्यभटाने (ग्रंथ 499 सालचा) अर्धी दोरी घेतली, अर्धज्या, आणि बोलताना अर्ध गळून नुसतं ज्या राहिलं. अरबांनी जीवाचं जीबा केलं, पण अरबीत स्वर लिहीत नाहीत, राहिलं ज-ब, आणि ते लोक वाचायला लागले जैब, म्हणजे कपड्याची गळ्याजवळची घडी, छाती. 12व्या शतकात स्पेनमध्ये लॅटिन भाषांतरं झाली तेव्हा जैबचं झालं सायनस, तोच अर्थ. त्याचं इंग्रजीत साइन. नाक चोंदतं तो सायनस पण हाच बरं का!

तिरकस: त्रिकोणमितीच आपण शोधली असं फक्त नका लिहू पुढे. पूर्ण जीवेचे तक्ते ग्रीकांकडे आधीपासून होते, टॉलेमीचा प्रसिद्धच आहे. अर्धी जीवा घेणं ही इथली युक्ती, आणि आकडेमोड त्यानेच सोपी झाली.

खडू_फळा: मान्य. आर्यभटाचा तक्ता बघाच पण, आकडे अक्षरांत लिहिलेत, मखि भखि फखि... म म्हणजे 25, खि म्हणजे 200, झाले 225, पुढे 224, 222. हे लागोपाठच्या ज्यांमधले फरक, बेरीज करत जायचं. त्रिज्या 3438 आणि 30 अंशाला 1719, बरोब्बर निम्मे, म्हणजे आपला साइन 30.

दहावीचा_बाप: भारी! कॉस आणि टॅनचं पण असंच का?

तिरकस: कॉस म्हणजे कोटिकोनाचा (90 अंशांतून कोन वजा करून उरतो त्याचा) साइन, आपल्याकडे कोटिज्या. युरोपात गुंटर या इंग्रज गणितज्ञाने 1620 ला को-सायनस लिहिलं, तिथून कोसाइन. टॅन मात्र सरळ लॅटिन, स्पर्श करणारी रेषा, 1583 चा, फिंके या डॅनिश गणितज्ञाचा शब्द. तिथे संस्कृतचा काही संबंध नाही, कोणी जोडायच्या आत सांगून ठेवतो.